आक्काचा आवंढा

जयमालाच्या गळ्याभोवतीच्या पट्टीवरचा दिवा लाल झाला आणि निबंधक घोरपडे मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"नाही होणार. आज नाही," त्या म्हणाल्या.

जयमालाला आधी काही उमगलंच नाही. ती तर हसत होती. सकाळी सांगलीहून निघताना तिनं ठेवणीतली मोतिया साडी नेसली होती, भाच्यांसाठी खाऊ घेतला होता, आणि कराडच्या स्टँडवर उतरल्यापासून तिच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नव्हतं. धाकट्या भावाला, गिरीशला, वडिलांच्या मिळकतीतला आपला वाटा सोडून द्यायला ती आली होती. हक्कसोडपत्र म्हणतात त्या कागदाला. आपल्याकडं लग्न झालेल्या बहिणी तो करून देतात. कुणी मागत नाही, कुणी विचारत नाही. भाऊ तारीख कळवतो, बहीण आधार कार्ड घेऊन हजर होते. मग भाऊबीजेची साडी चालू राहते, उन्हाळ्यात आंब्याची पेटी येते आणि माहेरचं दार उघडं राहतं. या व्यवहाराला कुणी व्यवहार म्हणत नाही. प्रेम म्हणतात.

"आक्का, पाणी पी की जरा," गिरीश म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"मी बरी आहे रे. मॅडम, मी स्वखुशीनं देतेय. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही."

जबरदस्ती हा शब्द उच्चारला आणि दिवा आणखी गडद झाला.

पट्टी लावणारी तबस्सुम मुल्ला ही तिशीतली मुलगी होती. तिनं हलक्या हातानं जयमालाच्या मानेवरचं चिकट टोक सोडवलं. "मावशी, घाबरू नका. पहिल्या वेळी बऱ्याच जणींचं असं होतं. तीन वेळा संधी असते. आणि एक सांगू? रडलात तरी चालतं. आवंढा चालत नाही."

"म्हणजे गं काय?"

"मशीन डोळे बघत नाही. गळा बघतं."

ते खरंच होतं, आणि त्यामागचं शास्त्र काही फार अवघड नव्हतं.

माणसाला दुःख झालं, की शरीराला ते दुःख आहे हे कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की काहीतरी मोठं संकट आलंय. मग ते आपल्या जुन्या सवयीनं तयारीला लागतं. काळीज जोरात धडधडतं, श्वास वाढतो, आणि जास्त हवा आत यावी म्हणून गळ्यातल्या स्वरतंतूंमधली फट सताड उघडते. ओरडायचं असो, पळायचं असो, हवा तर लागणारच. पण माणूस नेमका त्याच वेळी काय करतो? गिळतो. आणि गिळताना ती फट मिटावी लागते, नाहीतर लाळ श्वासनलिकेत जाईल. म्हणजे काही स्नायू दार उघडायला बघतात, काही ते मिटायला बघतात. त्या ओढाताणीला आपण आवंढा म्हणतो. गळ्यात काही अडकलंय असं वाटतं खरं, पण तिथं काहीच नसतं. पुढं शरीराला शांत करणाऱ्या दुसऱ्या नसा जाग्या होतात, त्या अश्रूंच्या ग्रंथी मोकळ्या करतात, डोळ्यांतलं पाणी नाकात उतरतं, आणि तोंड घट्ट मिटून ठेवायच्या नादात हनुवटी थरथरायला लागते.

ही पट्टी काही रडणं मोजण्यासाठी तयार झालेली नव्हती. पक्षाघात झालेल्या ज्या रुग्णांना नीट गिळता येत नाही, त्यांच्यासाठी ती होती. मानेच्या कातडीवरून आतल्या स्नायूंची वीज टिपायची आणि घास चुकीच्या वाटेनं जाण्याआधी सावध करायचं, एवढंच तिचं काम. पण ती बनवणाऱ्यांना नोंदींमध्ये एक भलतीच रेघ दिसायला लागली. रुग्ण खात नसायचा, पीत नसायचा, तरी रेघ उमटायची. बरेच दिवस त्यांनी यंत्रातला दोष शोधला. शेवटी कुणाच्या तरी ध्यानात आलं, की ती रेघ नातेवाईक भेटायला येतात तेव्हा उमटते.

पुढचं सगळं भराभर झालं. म्हाताऱ्या माणसांकडून, विधवांकडून, बहिणींकडून सह्या उकळल्याची प्रकरणं न्यायालयांत साठली होतीच. मुक्तसंमतीचा कायदा झाला. घरदार, जमीन सोडून देणाऱ्यानं पट्टी लावून, स्वतःच्या शब्दांत, तोंडानं सांगायचं, की मी हे देतोय. दिवा हिरवा राहिला तर कागद नोंदवायचा. लाल झाला तर संमती धरायची नाही. डोळ्यांतलं पाणी कुणीही आणतं किंवा थोपवतं, आणायला कांदा पुरतो. पण कांदा डोळ्यांना झोंबतो, गळ्यातल्या त्या दाराला हात लावत नाही. म्हणून यंत्राला फसवता येत नव्हतं. निदान कायदा करणाऱ्यांना तसं वाटत होतं. लग्न जमवणाऱ्या मंडळांनी ताबडतोब तशाच पट्ट्या मागवल्या, हे सांगायला नकोच.

तिन्ही वेळा दिवा लाल झाला तर वाटा देणाऱ्याच्या नावावर कायमचा राहणार होता, आणि घेणाऱ्याच्या नावापुढं शेरा पडणार होता, की याच्याकडून दबावाचा संशय. असा शेरा पडलेल्या माणसाला बँक दारात उभं करत नव्हती.

गिरीशला बँक हवी होती. कराडच्या शनिवार पेठेतल्या दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर आप्पांचं मिरची कांडप केंद्र होतं. आप्पा जाऊन दीड वर्ष झालं होतं. जुनी यंत्रं काढून तिथं मसाल्याचा नीट कारखाना टाकायचा, असं गिरीशच्या मनात होतं, आणि त्यात वावगं काही नव्हतं. तो पुण्यात शिकलेला इंजिनियर. नोकरी सोडून गावी परत आला, शेवटची सहा वर्षं आप्पांचं सगळं त्यानं आणि त्याच्या बायकोनं, प्राजक्तानं केलं. दुष्ट म्हणावा असा तो माणूस नव्हताच.

दुपारी जेवताना घरातल्यांनी कारण शोधायला घेतलं.

"आप्पांची आठवण आली असेल वन्संना," प्राजक्ता म्हणाली. "त्या मॅडमनी सारखं वडिलोपार्जित, वडिलोपार्जित लावलं होतं."

"तसंच असणार," गिरीशनं हुश्श केलं. "पुढच्या वेळी आप्पांचं नाव काढायचं न्हाई. सरळ सांगायचं, माझा वाटा भावाला दिला. संपलं."

"तसंच झालं असेल," जयमाला म्हणाली. तिलाही ते पटलं. आपल्या मनात काळंबेरं काही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सांगलीत तिचं स्वतःचं घर होतं, नवऱ्याचं, मोहनरावांचं पेन्शन होतं, मुलगा मार्गी लागला होता. कांडप केंद्र घेऊन ती काय करणार होती?

दुसऱ्या वेळी प्राजक्तानं तिला ज्येष्ठमधाची कांडी चघळायला दिली, घरात आप्पांचा फोटो ज्या भिंतीवर होता तिकडं पाठ करून बसवलं आणि वाटेत पोरांच्या गमती सांगितल्या. जयमाला कार्यालयात जाऊन बसली, एकच वाक्य बोलली, आणि वाक्याच्या मध्यावरच दिवा लाल झाला.

या वेळी गिरीश पाणी पी म्हणाला नाही. बाहेर गाडीपाशी आल्यावर म्हणाला, "आक्का, मनात काय असंल तर सांग. पेठेत लोक काय बोलत्यात म्हाईत हाय का? गिरीश बहिणीचा गळा दाबतोय म्हणत्यात. मी तुला कवा काय कमी केलं?"

"काही नाही रे मनात," जयमाला म्हणाली आणि आवंढा गिळला. तो तिला या वेळी स्वतःलाच जाणवला. आपण खोटं बोलतोय की काय, असं तिला पहिल्यांदा वाटलं, पण खोटं कुठलं ते काही सापडेना.

सांगलीत तिनं भाड्यानं एक पट्टी आणली. असल्या पट्ट्यांचा धंदा एव्हाना जोरात होता. हिरवा दिवा हमखास, म्हणून शिकवण्याही निघाल्या होत्या. मोहनराव पेपर वाचत होते. त्यांच्यासमोर आरसा ठेवून ती बसली.

"मी माझा वाटा गिरीशला देते," ती आरशाला म्हणाली. लाल.

"बरं, उलटं म्हणून बघ," मोहनराव पेपरमागून बोलले. ते स्वभावानं तटस्थ. बायकोच्या माहेरच्या बाबतीत तर अगदीच.

"उलटं म्हणजे?"

"देत नाही म्हण."

ती दचकली. इकडं तिकडं बघून, जसं काही कुणी ऐकेल, हळूच म्हणाली, "मी माझा वाटा देत नाही."

आता तरी हिरवा होईल, अशी तिला भीती वाटत होती. तसा तो झाला असता तर ती लोभी आहे हे सिद्ध झालं असतं, आणि निदान प्रश्न मिटला असता. पण दिवा लालच झाला. देते म्हटलं तरी लाल, देत नाही म्हटलं तरी लाल. ती गप्प बसली, तेव्हा तो हळूहळू हिरवा झाला.

"मग काय, गप्प बसायचं," मोहनराव म्हणाले आणि पान उलटलं.

गप्प बसण्याचा सराव तिला भरपूर होता. ती भाजी चिरायला उठली.

आठवड्यानं गिरीशचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "आक्का, सापडलं! आगं तुझा घसाच खराब असणार. मिरचीनं! एवढी वर्षं तू कांडपावर उभी होतीस. कायद्यात सूट हाय. घशाचा जुना आजार असंल तर पट्टी माफ. डॉक्टरचा दाखला पायजे फकस्त. सबनीस डॉक्टरांची वेळ घेतलीय मी."

जयमालालाही हायसं वाटलं. म्हणजे मनात काही नव्हतं, घशातच होतं.

सबनीस डॉक्टर कान-नाक-घशाचे. वय झालेले, बोलायला तुटक. त्यांनी जयमालाला खुर्चीत बसवलं, नाकावाटे बारीक नळी घातली आणि पडद्यावर तिचा गळा दाखवला. ओला, गुलाबी, आत दोन पांढऱ्या रेघा. त्या म्हणजे स्वरतंतू. आपण आयुष्यभर ज्यानं बोललो ते असं दिसतं, याचं जयमालाला नवल वाटलं. नळी काढून त्यांनी तपासणीची पट्टी लावली. जेवण कसं जातं, आंबट ढेकर येतात का, झोप कशी, असं काय काय विचारलं. दिवा हिरवा होता.

"दिसायला तर ठीक आहे घसा," डॉक्टर म्हणाले.

गिरीश पुढं सरकला. दाखला हातचा जातोय असं त्याला वाटलं असावं. "डॉक्टर, तुम्हाला कल्पना न्हाई. लिहूनच घ्या. बारावी झाल्यापासनं ही कांडपावर. आप्पांना दम्यानं त्या खोलीत पाऊल टाकता यायचं न्हाई. आई आधीच गेलेली. मी आधी शाळंत, मग पुण्याला शिकायला. सगळं हिच्या एकटीवर. अकरा वर्षं, डॉक्टर! उन्हाळ्यात पहाटेपासनं बायका मिरच्या घेऊन रांगंत. ब्याडगी, लवंगी, संकेश्वरी. तोंडाला फडकं बांधून ही दिवसभर त्या धुरळ्यात. हात असे लाल व्हायचे, रात्री ताकात बुडवून बसायची. बी.एस्सी.ला नंबर लागला होता हिचा, तिथं बी गेली न्हाई. लग्न बी उशिरा झालं त्यापायी. माझी फी, होस्टेल, आप्पांचं औषध, सगळं त्या कांडपातनं निघायचं. एवढं केलेल्या माणसाचा घसा चांगला राहील का तुम्हीच सांगा!"

तो मनापासून बोलत होता. वकिलानंसुद्धा इतकं चांगलं मांडलं नसतं.

जयमाला ऐकत होती. तिला ते दिवस दिसत होते. कांडपाच्या खोलीत एक सोय होती. तिथं हवं तेवढं रडता यायचं. बी.एस्सी.च्या प्रवेशाची शेवटची तारीख गेली, त्या दिवशी ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत रडली होती, आणि मिरच्या घेऊन आलेल्या बायका म्हणाल्या होत्या, लवंगी झोंबली वाटतं पोरीला. डोळ्यांतलं पाणी मिरचीच्या नावावर खपायचं. आवाज मात्र काढता यायचा नाही. तो गिळायचा. अकरा वर्षं तिनं तेच केलं, आणि पुढं तिला वाटायला लागलं, की आपल्याला काही वाटतच नाही.

डॉक्टर गिरीशकडं बघत नव्हते. पट्टीकडं बघत होते. दिवा लाल झाला होता.

"बघा डॉक्टर! झाला का न्हाई लाल? घसाच खराब."

"मिरची कुठं आहे इथं?" डॉक्टर म्हणाले.

"आँ?"

"मघाशी पाच-सात मिनिटं हिरवा होता. तुम्ही बोलायला लागलात, लाल झाला. हा मिरचीचा आवंढा नाही. मला दाखला देता येणार नाही." त्यांनी पट्टी काढली आणि जयमालाच्या खांद्यावर हात ठेवून उठायला मदत केली. "घसा उत्तम आहे तुमचा. वापरत जा."

बाहेर पडल्यावर गिरीश डॉक्टरवर चिडला होता. जयमालानं त्याला लिंबाच्या सावलीत थांबवलं.

"गिरीश, आत बोललास ते सगळं तुला माहीत होतं?"

"काय?"

"मी किती वर्षं उभी होते ते. हात ताकात बुडवायचे ते. बी.एस्सी.चं."

"आता म्हाईत नसायला काय झालं? सगळ्या पेठेला म्हाईत हाय."

"मग कधी बोलला नाहीस?"

गिरीशला खरोखरच प्रश्न समजला नाही. "बोलायचं काय त्यात?" तो म्हणाला.

जयमालाला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं तिला वाटायचं, धाकटा होता, पुण्यात होता, त्याला काय ठाऊक असणार. आप्पा तर बोलणाऱ्यातले नव्हतेच. कुणाला ठाऊक नाही, म्हणून कुणी बोलत नाही, अशी तिनं आपली समजूत घालून घेतली होती आणि त्या समजुतीवर तिचं माहेर उभं होतं. आता कळलं, की सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. भावाला तर तारीखवार पाठ होतं. आणि ते त्यानं पहिल्यांदा तोंडातून काढलं, ते तिचा वाटा सोडवून घेण्यासाठी लागणारा दाखला मिळावा म्हणून.

तिला राग आला. स्वच्छ, सरळ राग. किती वर्षांनी आला होता, कोण जाणे.

तिसऱ्या वेळी ती ठरल्या तारखेला आली. गिरीशशी वाटेत ती जेवढ्यास तेवढं बोलली. काय करायचं ते तिचं ठरलेलं नव्हतं. एक मात्र तिला डाचत होतं. दिवा आजही लाल झाला तर गिरीशच्या नावापुढं शेरा पडणार होता, आणि तिला ते नको होतं. त्यानं दबाव आणला नव्हता. त्यानं गृहीत धरलं होतं. त्या दोन्हींत फरक होता, पण तो यंत्राला सांगणार कोण?

तबस्सुम पट्टी लावत होती, तेव्हा जयमालानं खालच्या आवाजात विचारलं, "पोरी, देते म्हटलं तरी लाल होतं, देत नाही म्हटलं तरी लाल होतं. या मशीनला हवंय तरी काय?"

तबस्सुम थांबली. "मशीनला काही नको असतं मावशी. तुम्ही कुठलं वाक्य बोलताय ते त्याला कळतसुद्धा नाही. त्याला एवढंच दिसतं, की गळा उघडायला बघतोय आणि तुम्ही मिटताय."

"मग मिटला नाही तर?"

"तर ओढाताण कशाची? ओढाताण नाही, तर लाल नाही."

घोरपडे मॅडमनी चष्मा सारखा केला. "जयमालाबाई, ही शेवटची वेळ आहे. तुमच्या शब्दांत सांगा. घाई नाही."

गिरीश शेजारच्या खुर्चीत हात जोडून बसल्यासारखा बसला होता. प्राजक्ता दाराशी होती.

"मी..." जयमालानं सुरुवात केली. गळ्यात तो गोळा वर आला. दिवा पिवळट झाला, लालीकडं झुकला. जीभ मागं सरली, आता नेहमीसारखं गिळायचं, हसायचं. तिनं गिळलं नाही. फार जिवावर आलं तिच्या. सवय मोडणं सोपं नसतं, आणि ही तर गळ्याची सवय होती. तिनं तोंड उघडं ठेवलं आणि जे वर येत होतं ते येऊ दिलं.

"मी अठरा वर्षांची होते," ती म्हणाली. आवाज फाटला, तसाच तिनं पुढं ओढला. "मला शिकायचं होतं. मला कुणी विचारलं नाही. आप्पांनी किल्ली हातात दिली, मी कांडप सुरू केलं. ते मी केलं. मी आनंदानं केलं असतं, कुणी एकदा म्हणालं असतं की आक्का, तू करतेस. आप्पा गेले, तेव्हा लोक म्हणाले, आप्पांनी काय कष्टानं उभं केलं. मी तिथंच बसले होते. गिरीश, तू पण होतास."

आता ती रडत होती. मूक, पदराआडचं रडणं नव्हतं ते. मोठ्यानं, नाक-डोळे वाहत, लहान मूल रडतं तसं ती रडत होती. बाहेरच्या बाकांवरची माणसं उठून दारातून डोकावली. प्राजक्ता पुढं आली, तिला घोरपडे मॅडमनी हातानं थांबवलं. त्या पट्टीकडं बघत होत्या.

दिवा हिरवा होता. चांगला ठसठशीत हिरवा.

"गिरीशनं माझ्यावर जबरदस्ती केली नाही," जयमाला हुंदक्यांतून म्हणाली. "लिहा ते. तो तसा नाही. पण मी माझा वाटा सोडत नाही. तो कुणी मला दिलेला नाही, मी मिळवलेला आहे. कारखाना काढायचा असेल तर त्यानं काढावा. मी त्यात आहे असं धरून काढावा. नाव घालावं माझं."

पंखा फिरत होता.

"हे तुमचं म्हणणं?" घोरपडे मॅडमनी विचारलं. नियम होता, दोनदा विचारायचं.

"हेच."

दिवा हलला नाही. मॅडमनी नोंद घेतली: संमती नाही, दबाव नाही. तबस्सुमनं पट्टी सोडवली आणि आपला रुमाल पुढं केला.

जिन्यात गिरीश दोन पायऱ्या पुढं होता. तो थांबला. तिच्याकडं न बघता म्हणाला, "आता तू सांगलीची गाडी धरशील."

तो प्रश्न नव्हता. तो काय आहे ते जयमालाला बरोबर कळलं. हेच ऐकायला लागू नये म्हणून पेठेतल्या, गावातल्या, साऱ्या मुलखातल्या बहिणी सह्या करत आल्या होत्या. ती कठड्याला धरून उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "घरी येते."

"कुणाच्या?"

"आपल्या."

गिरीश वळला. त्याचा चेहरा पडलेला होता. गळ्यातला उंचवटा वर गेला, खाली आला. त्याच्या मानेला कुणी पट्टी लावली नव्हती, आणि तशी जयमालाला पट्टीची गरजही नव्हती.

"गिळू नकोस," ती म्हणाली. "काय असेल ते बोल. चार शिव्या दे हवं तर."

वरून माणसं उतरत होती, त्यांना बाजूनं जावं लागत होतं.

"मला तुझा राग आलाय आक्का," तो शेवटी म्हणाला. "लई राग आलाय."

"येऊ दे," जयमाला म्हणाली. "मलाही आलाय तुझा. चल, घरी जाऊन भांडू."